तिसरा अँटेना कुठे लावायचा

ती. मावशी,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली असं समजून घे. कमरेनं मंगळवारपासून संप पुकारला आहे, त्याचं कारण पुढे ओघात येईल.) इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? कुंड्यांना पाणी घालताना वाकतेस, की अजून उभ्यानंच लांबून धार सोडतेस आणि खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खातेस? आईनं विचारलंय की रक्तदाब तपासलास का. तपासला नसलास तरी ‘तपासला, छान आहे’ असं कळव, म्हणजे निदान तिचा तरी खाली येईल. पत्र लिहायला तसं काही कारण नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेवू का आता’ म्हणतेस, आणि मला सांगायचंय ते तीन वाक्यांत मावणारं नाही. तेव्हा चहा घेऊन बस, चष्मा पूस, आणि मध्येच गॅस बघायला उठू नकोस.

तर मुख्य बातमी अशी, की आपल्या नाट्यगृहात बिनतारी इंटरकॉम आला. आणि त्याचा सर्वाधिकारी म्हणून नेमणूक झाली माझी, ज्याला सगळं नाट्यगृह बारा वर्षं वायरमन म्हणून हाक मारतं. ज्यानं जन्मभर वायरी ओढल्या त्यालाच त्या काढायला लावायच्या, हा विनोद मॅनेजरसाहेबांना चार वेळा करावासा वाटला आणि चारही वेळा मी हसलो. (नोकरी आहे.) तू सव्वीस वर्षं रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी बसून ज्या तारेच्या हेडफोनमधून सगळ्यांना हुकूम सोडलेस, ‘दिवे सावध’, ‘पडदा सावध’, ‘सोड’, ते सगळं गुंडाळून पेटीत गेलं. आता प्रत्येकाच्या कमरेला साबणाच्या वडीएवढी डबी, कानाला हेडफोन, आणि बोलणं हवेतून. हवेतून म्हणजे अँटेनातून. अँटेना मिळालेत तीन. ते तीन कुठेकुठे लावले म्हणजे तळघरापासून छताखालच्या दोरांच्या मचाणापर्यंत सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू येईल, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचा माणूस आला होता. त्यानं खोका टेबलावर ठेवला, चहूकडे मान फिरवली, ‘भिंती फार जाड आहेत हो तुमच्या’ एवढं निदान केलं, आणि पुढच्या पेशंटकडे निघून गेला.

हे सगळं कशामुळे सुरू झालं ते तुला ठाऊक आहे, आणि त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही असं तू मला बजावलंयस. अकरा महिने पाळलं. आज थोडं मोडतो, रागावू नकोस. दोरवाल्याचा पाय आता बरा आहे. जरासा लंगडतो, पण जिना चढतो, पळापळही करतो. वर मात्र जात नव्हता. म्हणजे त्याला जायचं होतं, त्याची बायको जाऊ देत नव्हती. ती एक दिवस आपल्या तिकीटखिडकीतून उठली, थेट मॅनेजरच्या खोलीत गेली, आणि उभ्याउभ्या सांगून आली, की माझा नवरा वर जिथे कुठे उभा असेल तिथे त्याला ‘थांब’ हा एक शब्द ऐकू गेला पाहिजे. तशी सोय झाली की बोला, तोवर तो जमिनीवरच राहील. त्यावरून ही यंत्रणा आली. तोवर बिचारा खाली कोठारात स्टुलावर बसून दोराला गाठी मारायचा आणि मारलेल्या सोडायचा. रंगमंचाच्या वर चाळीस फुटांवर उभं राहून दिवाणखान्याची अख्खी भिंत अशी अलगद खाली उतरवणारा माणूस, की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलू नये! त्याला तसं बसलेलं बघवत नव्हतं मावशी. नवं नाटक पंधरा दिवसांवर आलंय, आणि तेव्हाही तो वर गेला नाही तर त्याच्या जागी दुसरा कायमचा माणूस घ्यावा लागेल, असं साहेबांनी मान खाली घालून का होईना, पण सांगून टाकलंय. त्यामुळे मी हे काम जरा मनावरच घेतलं.

कंपनीच्या पुस्तकात पद्धत दिली आहे. अँटेना तात्पुरता उंच बांधायचा, एकानं मुख्य पेटीशी ऐकत बसायचं, दुसऱ्यानं डबी लावून सगळ्या इमारतीत बोलत बोलत हिंडायचं. आवाज स्वच्छ आला तिथे नकाशावर हिरवी खूण, तुटला तिथे लाल. सोबत एक चित्रही आहे, मधोमध अँटेना आणि भोवती गोल गरगरीत वर्तुळ. ते वर्तुळ मोकळ्या मैदानातलं आहे हे खाली बारीक अक्षरात लिहिलंय. (सगळी खरी माणसं आणि खऱ्या गोष्टी बारीक अक्षरातच असतात.) मी लांब दांड्याच्या झाडूला अँटेना बांधला, झाडू शिडीला बांधला, आणि ऐकायला कोणाला बसवावं याचा विचार करू लागलो. दोन्ही कान शाबूत, हाताला दुसरं काम नाही, आणि दोन तास एका जागी हलायचं नाही, अशी सगळी लक्षणं एकाच माणसात होती. आपले प्रॉम्प्टरकाका. त्यांना पेटीशी बसवून हातात नकाशा आणि दोन पेन्सिली दिल्या. बोलायचं काय हा दुसरा प्रश्न. एकट्या माणसानं दोन तास बडबडायचं म्हणजे एकतर वेड लागायला हवं नाहीतर निवडणूक तरी. म्हणून मी सध्या चालू असलेल्या नाटकाची संहिता घेतली आणि पहिल्या अंकापासून वाचत सुटलो. बाल्कनी झाली, रंगपट झाले, कपडेपट झाला, तळघर झालं. दोन तासांनी धापा टाकत काकांपाशी आलो तर नकाशा शेवाळलेल्या विहिरीसारखा हिरवागार. लाल पेन्सिलीचं टोकसुद्धा झिजलेलं नव्हतं. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण स्वतःची हुशारी सिद्ध होत असली की माणूस फारशा चौकशा करत नाही. मी तसाच नकाशा घेऊन साहेबांकडे गेलो आणि एकाच अँटेनात काम भागलं, दोन शिलकीत आहेत, अशी शेखी मिरवून आलो.

साहेब खूष झाले आणि म्हणाले, मीच बघतो चालवून. डबी लावून ते तळघरात उतरले, ते नेमके सामानाच्या खोलीत. तिचं दार आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही, हे तू त्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतंस. मागच्या रंगकामात ते पुसलं गेलं. साहेब आत अडकले आणि डबीतून सांगू लागले की दार लागलंय, कुणीतरी येऊन उघडा. आता काकांच्या कानात यातलं किती पोचलं असेल? ‘दार’ आणि ‘उघडा’. बाकी सगळी खरखर. आणि नेमकं आपल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात मेहुणा त्या डॉक्टरला कपाटात कोंडतो आणि डॉक्टर आतून ‘दार उघडा’ म्हणतो. काकांना वाटलं, वा, साहेबांनी संहिता बरोबर नेलीय, तयारीचा माणूस आहे. त्यांनी हिरवी खूण केली. साहेब पुन्हा ओरडले. काकांना वाटलं, पुढचं वाक्य विसरले. मग चाळीस वर्षांच्या सवयीनं काकांनी अगदी हळू, प्रेमळ आवाजात साहेबांना पुढचं वाक्य पुरवलं. (पुढचं वाक्य ‘मी तुमच्या बहिणीला सुखात ठेवीन’ असं आहे.) तळघराकडे जाणारा आवाज कसा कोण जाणे, स्वच्छ होता. साहेबांनी ते तीन वेळा ऐकलं. पाऊण तासानं कपडेपटवाल्या बाई जुने बूट शोधायला खाली गेल्या तेव्हा कुठे सुटका झाली. वर आल्यावर साहेबांचा चेहरा बघून माझं धाबं दणाणलं, काकांचं नाही. ते शांतपणे म्हणाले, अहो, सगळं नाटक मला पाठ आहे, अधूनमधून शब्द गेला तर मी मनात घालून घेतो, त्यात काय एवढं. मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या माणसाचा धंदाच गाळलेले शब्द भरायचा, त्यालाच मी शब्द गळतात का ते बघायला बसवलं होतं!

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पण आता असं काही वाचायला हवं होतं जे काकांना पाठ नसेल आणि अंदाजानं भरता येणार नाही. मी शोधत शोधत कपडेपटात गेलो आणि तिथे मापांची वही दिसली. खांदा साडेसतरा, बाही तेवीस, कंबर अमुक. यातलं एकही काकांना आधी कळणं शक्य नाही. मी हिंडत हिंडत आकडे वाचायचे, काकांनी ऐकू आले तेवढे लिहायचे, नंतर दोन्ही ताडून बघायचे. पद्धत बिनचूक होती, हे आजही मी छातीठोकपणे सांगतो. चूक एवढीच झाली की बाकीच्या पाचही डब्या चालू होत्या आणि ज्याच्या त्याच्या कमरेला होत्या. त्यामुळे आपल्या नायकाच्या कमरेचा घेर दिव्यांच्या खोलीत, दारावर, तिकीटखिडकीत आणि हौसेनं हेडफोन लावून बघणाऱ्या खुद्द नायिकेच्या कानात एकाच वेळी पोचला. (तिथे मात्र रेंज उत्तम होती.) नायक रंगमंचावर आला. मी तेव्हा शिडीवर, झाडू आणखी दोन हात वर सरकवत होतो. त्यानं खालून शिडी धरली आणि तो आकडा जुना आहे, वही बदला, आत्ताच्या आत्ता माप घ्या, असं काहीतरी बोलू लागला; ऐकायला मी वळलो आणि दोन पायऱ्या एकदम उतरलो, त्याही बसून. कमरेची हकीकत ती ही. म्हणजे माझ्या कमरेची. त्याची नंतर बाईंनी पुन्हा मोजली, त्यानं श्वास धरला, आणि दोन इंच कमी भरली. तो श्वास अजून सोडला नसावा असं त्याच्या बोलण्यावरून वाटतं.

पण त्या दिवशी पहिल्यांदा खरा नकाशा झाला. लालभडक. तळघर गेलेलं, मागचा जिना गेलेला, अर्धे रंगपट गेलेले. कंपनीच्या माणसाला फोन केला तर त्यानं आणखी भर घातली, की हे रिकाम्या नाट्यगृहात मोजलंयत, प्रेक्षक भरले की याहून कमी होईल, कारण माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि ते लहरी पिऊन टाकतं. (साडेतीनशे माणसं पिणारी, आणि पुरवणारा मी एकटा.) मग मात्र तो एक शहाणपणाचं बोलला, तेवढ्यासाठी त्याला सगळं माफ. म्हणाला, इमारत भरायला जाऊ नका, तेवढे अँटेना तुमच्याकडे नाहीत. तुमची माणसं काम करताना नेमकी कुठे उभी असतात तेवढं बघा आणि तेवढंच भरा.

म्हणून मी दोन प्रयोग नुसता माणसांच्या मागे हिंडलो. मावशी, सव्वीस वर्षं तू ज्यांना जागच्या जागी समजत होतीस, त्यातलं जागेवर कोणी नसतं! सामान ठेवणारा तिसऱ्या प्रवेशात सामानाच्या खोलीत नसतो, तो पहिल्या अंकातल्या पलंगावर झोपलेला असतो. दिवेवाला खोलीबाहेर गच्चीच्या दारात उभा राहून सिगरेट ओढतो आणि एक हात मागे लांबवून बटणावर ठेवतो. कपडेपटवाल्या बाई शेवटच्या प्रवेशाला रोज मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसतात आणि रोज रडतात. मी पाहिलं हे त्यांना कळल्यावर म्हणाल्या, शिवणाचं सूत डोळ्यात गेलं. नकाशावर मी सगळ्यांच्या जागा मांडल्या आणि तो असा काही कागद झाला, की साहेबांच्या हाती लागला असता तर अर्धं नाट्यगृह घरी बसलं असतं. मी तो घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. दोन अँटेनांचं मात्र त्यावरून ठरलं. एक मागच्या जिन्याच्या वळणावर, म्हणजे तळघर, रंगपट आणि बाईंची पायरी. दुसरा बाल्कनीच्या कठड्यावर, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर, म्हणजे दिवे, दार आणि तिकीटखिडकी.

राहिला तिसरा. तो मचाणावर हे उघड होतं, पण मचाण काय लहान आहे? या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी खांब, साखळ्या, वजनं. लहर शिरली तर बाहेर पडायची वाट शोधत बसेल. सध्याच्या नाटकात वरून काही उतरत नाही, तिथे कोणी उभंच नसतं, त्यामुळे मागे हिंडायचीही सोय नव्हती. तेव्हा गुरुवारी दुपारी, कमरेला पट्टा आवळून, मीच वर गेलो. दोरवाल्याचा जुना तारेचा हेडफोन अजून तिथेच आहे, खांबाला ठोकलेल्या खिळ्यावर. मी तो कानाला लावून उभा राहिलो आणि खाली पाहिलं, तर काही दिसेना. आडवा खांब येतो. रंगमंच दिसायचा तर उजवीकडे सरकावं लागतं. चार पावलं. तिथे कठड्याचं लोखंड हातभर लांबीत गुळगुळीत झालंय, चकचकतंय. दोरवाला तिथे वर्षानुवर्षं हात टेकून उभा राहिलाय. म्हणजे त्याची खरी जागा ती. आणि मावशी, कानातली तार तिथवर पोचत नाही. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, ओढून, ताणून, मान वाकडी करून. चार पावलं कमी पडते. त्याला एकतर ऐकू येणार किंवा दिसणार, दोन्ही नाही. ती तार बारा वर्षांपूर्वी मीच ओढली होती. कुणीही मला कमी पडते म्हणून सांगितलं नाही आणि मीही कधी वर जाऊन बघितलं नाही.

मी खाली उतरून कोठारात त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि सरळ विचारलं. त्यानं हातातली गाठ पूर्ण मारली, मग सोडली, आणि म्हणाला, “भिंत उतरवताना बघावंच लागतं. मी नेहमीच कानातलं काढून खिळ्याला अडकवायचो आणि पुढे व्हायचो. त्या दिवशीही तेच केलं. तुझ्या मावशींनी ‘थांब’ म्हटलं होतं ना? दिवेवाल्यानं ऐकलं की. वेळेवर म्हटलं होतं, भिंत टेबलाच्या दोन हात वर असताना. मग ती टेबलाला अडकली, दोर एकदम सैल पडला आणि तोल जाऊन मी त्याच्यासकट खाली. ऐकलं नाही ते मी.”

मी त्याला विचारलं, मग हे अकरा महिने सांगितलं का नाहीस. म्हणाला, कोणी विचारलंच नाही. खरंच आहे ते. तो दोन महिने दवाखान्यात. बाहेर आला तोवर तू नोकरी सोडून गेली होतीस, आणि तू गुडघ्यामुळे सोडलीस असंच साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, तूच तसं सांगायला लावलं होतंस म्हणून. शब्द तोंडातून निघायला आपल्याला उशीर झाला, त्यानं माणूस पडला, हे तू एकट्या मला सांगितलंस आणि वर शपथ घातलीस. मी मूर्खासारखा ती पाळत बसलो. तेव्हा तुला उशीर झालेला नव्हता, मावशी. शब्द वेळेवर निघाला होता, तो पोचायची सोय मी केली नव्हती. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मग वाटलं तर माझ्यावर रागव.

त्यानंतर तिसऱ्या अँटेनाचा निकाल लागायला वेळ लागला नाही. साहेबांनी तो तळघरात लावा असा हुकूम केला होता (का ते तुला कळेलच). मी त्यांना मचाणावरचं सांगितलं. ते म्हणाले, वरच लाव, तळघरात मी यापुढे पायात खडा अडकवून दार उघडं ठेवीन. पायात म्हणजे दाराच्या. ते गडबडले होते. शुक्रवारी मी त्या गुळगुळीत कठड्याच्या बरोबर वर, खांबाच्या अलीकडच्या बाजूला अँटेना पक्का केला, आणि काल तपासणी. दोरवाला वर गेला, अकरा महिन्यांनी. एकेक पायरी. त्याची बायको खिडकी बंद करून खाली रंगमंचाच्या मधोमध येऊन उभी राहिली होती, हाताची घडी घालून. मी पेटीवरून मापं वाचायला सुरुवात केली, पण तिनं माझ्या कानावरून हेडफोन काढून घेतला, आपल्या कानाला लावला, आणि वर बघत विचारलं, “सकाळची गोळी घेतली का?”

बाकीच्या पाचही कानांत, तळघरापासून दिव्यांच्या खोलीपर्यंत, अत्यंत स्वच्छ आवाजात उत्तर आलं, की नाही. इतकं खरं उत्तर माणूस पुरवलेल्या वाक्यातून देत नाही, असं प्रॉम्प्टरकाकाही म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मचाणावर हिरवी खूण केली. बायको हसली. मी तिला वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं त्याला चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे चालायला लावलं आणि प्रत्येक पावलाला काहीतरी विचारलं. अर्धी उत्तरं आम्ही ऐकायला नको होती अशी होती.

तर अशी सगळी हकीकत. यंत्रणा नीट चालते, दोरवाला वर जातो, साहेब माझ्याशी बोलतात, कंबरही येईल ठिकाणावर. इकडची काही काळजी करू नकोस. तुझ्याकडे काही काम नाही, काही मागणं नाही, सहज म्हणून लिहिलं. गुडघ्याला शेक देत जा, आणि उत्तर चार ओळींहून मोठं लिही.

तुझा लाडका (एकुलता असल्यामुळे),
भाचा वायरमन

ता. क. वर ‘काही काम नाही’ लिहिलं ते खोटं आहे. माझी मेली जीभच रेटत नव्हती. तुझं टेबल रिकामं आहे. तू गेल्यापासून तिथे तिघं बसून गेले. पहिला ‘सोड’ म्हणताना प्रश्न विचारल्यासारखा म्हणायचा, त्यामुळे सगळे उत्तर द्यायचे. दुसरी नाटकात रमून जायची आणि हुकूमच द्यायची नाही. तिसरा सध्याचा, म्हणजे शुक्रवारपासून मी. काल तपासणीनंतर दोरवाला खाली आला आणि मला म्हणाला, रेंज झकास आहे, पण तुझ्या आवाजावर मी भिंत सोडणार नाही, राग मानू नकोस. मी मुळीच मानला नाही. मीही माझ्या आवाजावर सोडली नसती.

ता. क. २. गुडघ्याचं कारण पुढे करू नकोस. टेबलापर्यंत तीनच पायऱ्या आहेत आणि खुर्चीला मी नवी गादी घातली आहे. शनिवारी चार वाजता नव्या नाटकाची तालीम. दोरवाला साडेतीनलाच वर जाऊन बसणार आहे, आणि तुझा ‘सोड’ आल्याशिवाय एकही दोर हलवणार नाही म्हणतो. मी त्याला ओळखतो, तो खरंच बसून राहील.

ता. क. ३. (पुढचं अक्षर माझं नाही. पत्र टाकायला निघालो तर तिकीटखिडकीतून हात बाहेर आला.)

ताई, नमस्कार. तुमचा भाचा सगळं लिहितो, पण मला घाबरून एक गोष्ट लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. दवाखान्यात तुम्ही रोज यायचात आणि मी तोंड फिरवून बसायचे. मला तेव्हा कुणावर तरी रागवायचं होतं आणि तुम्ही समोर होतात. काल ह्यांनी मला खिळ्याचं सगळं सांगितलं. मी दोन तास ह्यांच्याशी बोलले नाही, मग म्हटलं, हा अबोला मी चुकीच्या माणसाशी वर्षभर धरला. ह्यांना वर पाठवायला मी तयार आहे. पण अँटेनाच्या भरवशावर नाही. खाली कानाशी तुम्ही असाल तरच. शनिवारी मी खिडकी बंद करून दारात उभी राहीन. या.